वाटणीचा तक्ता

विंकोकाकाच्या स्वयंपाकघरात रात्रीचे अकरा.
टेबलावर पोट उघडलेला कॉम्प्युटर
आणि त्याच्यापुढे मी, मातेव्झ, लोइझेचा मुलगा,
ज्याने सूप पिता पिता फुशारकी मारली होती,
"दुसरी सिस्टीम टाकून देतो, थोडी जागा करावी लागेल, बस्स."

जागा केली.
एक रेघ इकडची तिकडे सरकवली
आणि एकोणीस वर्षांच्या मधमाश्यांच्या नोंदी गेल्या.
स्क्रीनवर अख्खी डिस्क म्हणजे एकच पडीक रान:
न वाटलेली जागा.

काका चिडला असता तर बरं झालं असतं.
"पुसलं?"
"पुसलं नाही. कुठून कुठवर कोणाचं
एवढंच लिहिलेला पहिला कागद बिघडलाय."
"आणि आत?"
"आत सगळं जिथल्या तिथे."

त्याने मला हाताला धरून खिडकीशी नेलं.
बाहेर चांदण्यात पेट्यांचं घर,
कप्प्याकप्प्याच्या तोंडाशी आजोबांनी रंगवलेल्या फळ्या:
शिकाऱ्याची दाढी करणारा कोल्हा,
शिकाऱ्यालाच खांद्यावर घेऊन निघालेली अस्वलं.
"फळ्या काढल्या की माश्या घर चुकतात," काका म्हणाला.
"मध आतच असतो."
"तसंच. फक्त आता आत नवं काही ठेवायचं नाही.
एक अक्षरसुद्धा नाही."
"ते मला जमतं," तो म्हणाला.

माझ्या वडिलांशी तो तेरा वर्षं बोललेला नाही.
त्यांची शेती दिसते इथून. दिवासुद्धा.

डिस्क काढली, माझ्या लॅपटॉपला जोडली,
नुसती वाचायची, बोट लावायचं नाही.
प्रोग्राम मुंगीच्या पावलाने निघाला
हद्दीचे गाडलेले दगड चाचपत.
एक टक्का. तीन. काकाने लाकडं घातली,
मग उगाच पुन्हा घातली.

चारच्या सुमाराला पहिली हद्द लागली. काकाची.
आणि तिच्याच अंगावरून गेलेली दुसरी,
नाव: लोइझे.

काका चष्मा पुसत राहिला.
"कॉम्प्युटर दोघांत होता तेव्हा," शेवटी म्हणाला,
"कुरण वाटलं त्या हिवाळ्यात
मी त्याचा भाग उडवला आणि माझा वाढवला.
ओढ्यापर्यंत."
ओढा कुरणात आहे, डिस्कमध्ये नाही.
मी काही बोललो नाही.

एकाच जमिनीवर दोन हद्दी,
दोन्ही खऱ्या, आपापल्या काळी.
तक्त्यात मात्र एकच बसते.

वडिलांच्या बऱ्याचशा फायली कुजलेल्या,
वरून काकाची वर्षं चढलेली.
पाचसहा धड निघाल्या.
एक बकव्हीट फुलल्या महिन्याची, २००८:
तिसरा कप्पा, राणी लाल ठिपक्याची,
स्वभावाने गरीब, हातमोजे नकोत.

"ही माझी राणी," काका म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही.
"माझ्याही वहीत हेच आहे. हातमोजे नकोत."

त्या पाचसहा मी पेनड्राइव्हवर उतरवल्या.
प्रोग्राम विचारत होता: तक्ता लिहू? हो की नाही?
काकाची हद्द निवडली आणि हो म्हटलं.
कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. नोंदी आल्या,
पहिल्या थव्यापासून कालच्या साखरपाण्यापर्यंत,
जणू कुठे गेल्याच नव्हत्या. गेल्या नव्हत्याच.

निघताना त्याने मधाची बाटली दिली,
कोणासाठी ते सांगितलं नाही.
दाराशी माझ्या कोटाच्या खिशावर
बाहेरून एकदा हात ठेवून पाहिला,
पेनड्राइव्ह आहे ना.