बदली

वादी कबीरच्या तिसऱ्या गल्लीत,
जिथे सकाळी नऊनंतर पत्र्याला हात लावायचा नसतो,
अठ्ठ्याहत्तरची लँड क्रूझर उभी आहे
बॉनेटशिवाय, कवळी काढून ठेवलेल्या माणसासारखी.

जाळी काढली. पंख्याचं कडं काढलं.
खालचा होज सुटेना, नळीला चिकटून बसलेला,
म्हणून ब्लेडने उभा चिरला
आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी
मोफिजच्या चपलांवरून गटाराकडे गेलं.
किती वर्षांचं, कोण सांगणार.

नवा रेडिएटर इतका हलका
की मोफिज तो एका हातावर नाचवू लागला.
ॲल्युमिनियम. खोक्यावर लिहिलंय, जसाच्या तसा बसतो.
बसत नाही.
वरची भोकं जुळतात, खालची दोन सूत बाहेर,
आणि पंख्याचं पातं इतकं जवळ
की मध्ये करंगळी शिरत नाही.
गाडी जपानी, रेडिएटर कुठला ते खोकं सांगत नाही,
दोघेही मिलिमीटरवाले.
सुतात मोजणारा मी एकटा, गुहागरचा.

खलफान खुर्ची टाकून बसलाय. खजूर, कहवा.
वडलांची गाडी. सगळं पहिल्यासारखं हवंय त्याला,
स्क्रूसुद्धा.
"सदीक, अस्ली?"
"अस्लीसारखा," मी म्हणतो.
तो हसत नाही.

दुपारभर कानस.
भोकं लांबट केली, ब्रॅकेटखाली रबराच्या चकत्या,
बसवला, काढला, बसवला,
घामाने पाना हातात राहीना.

जुना कोपऱ्यात टेकवलेला. तांबं-पितळ, दणदणीत.
भंगारवाल्याने फोनवर भाव सांगूनही टाकलाय.
उगाच पुसायला घेतला
तर वरच्या टाकीच्या पाठीवर ठिगळ.
कथलाचं. गोल नाही, चौकोनी नाही,
शेवटाला बाहेर ओढलेलं, मिशीच्या टोकासारखं.

हा हात मला माहीत आहे.
इब्राहिमचाचा परकार, दाभोळचे.
ज्योत अशी डावीकडे झटकून काढायचे,
जसं कोणी सही संपवतं.
मी तसं करायला गेलो की कथील बुटावर.
"जोर नको रे भार्गवा. धातूला इचारायला लागतं."

सहा महिने त्यांच्या हाताखाली होतो.
मग त्यांची किडनी, मग त्यांचं तिकीट,
आणि मला त्यांची खाट, त्यांचा कफील,
खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत मुठीला चिंधी बांधलेली ही कानस.
गल्लीत माझं नाव कोणी विचारलं नाही.
परकारची बदली, एवढंच.
खालची भोकं जुळायला
मला दोन उन्हाळे लागले.

खलफानला सांगावं की नको,
की तुझा अस्लीही पुरता अस्ली नव्हता?
ठिगळ दाखवलं.
तो अंगठा फिरवत राहिला, कहवा निवेपर्यंत.
मग म्हणाला, लहान होतो,
डोंगरावरून येताना गाडी उकळली होती,
इथेच कुठेतरी एकाने मला टायरवर बसवलं.
चेहरा आठवत नाही.
हातावर भाजल्याची खूण होती.

ती तर रेडिएटरवाल्या सगळ्यांच्याच हातावर असते.
मी बाही वर केली नाही.

भंगारवाल्याला उद्या नको म्हणून सांगितलं.
परवाचं परवा बघू.

मगरिबच्या आधी हिरवं पाणी भरलं,
झाकण उघडं ठेवून सेल्फ मारला.
बुडबुडे. अजून बुडबुडे.
काटा चढतोय, वरचा होज मात्र गारच.
या दोन-तीन मिनिटांत कोणी बोलत नाही,
थर्मोस्टॅट उघडला तर उघडला.
खलफान खुर्चीवरून उठलाय.
बाहेर त्रेचाळीस. मी होज मुठीत धरून उभा,
पंख्याचा वारा पोटावर,
पातं कुठेही घासत नाही,

आणि मग मुठीत
ऊन आलं.

मोफिज, झाकण आण.