ओळख

नोवी बोरच्या थंड गोदामात
ब्लांका मांडते उद्याचं वाद्य:
काळ्या काचेची एक पाटी,
ना कळ, ना खुंटी.
बोट टेकलं की ठेका,
सरकवलं की सूर लांबतो
पाकाच्या तारेसारखा.

ओल्द्रिख बघतो, तिचा बाप.
एकेचाळीस वर्षं भट्टीपुढं काच फुंकली त्यानं.
"बघू," म्हणतो, आणि टेकवतो
भाजून भाजून निबर झालेलं बोट.

काही नाही.
पुन्हा. दाबून. काही नाही.
काचेनं ओळख दाखवू नये
हे त्याला जरा लागतंच.

"मनगट लाव, बाबा.
आतली बाजू, नाडीपाशी."

तो बाही सरकवतो.
बाहेर कुत्रं भुंकायचं थांबतं,
एवढा खर्ज,
संपतच नाही.

आणि म्हातारा गाल फुगवतो,
सवयीनं.