भाषा ओळखली

रात्री अकरा चाळीसला मी पहिल्यांदा ढकललं.
लासच्या सफरचंद संघाचं ॲप:
आत पायथन, पेटीचं वजन, रंग, डाग बघून प्रत ठरवणारा,
बाहेर जावास्क्रिप्ट, तीच गोष्ट शेतकऱ्याला गोड करून सांगणारी.
माझ्या लॅपटॉपवर दोघं वर्षभर नांदली,
एका ताटात जेवली म्हणा ना.

फ्रँकफर्टच्या यंत्राने बोचकं सोडलं,
मुळातल्या फोल्डरवर नजर टाकली,
वरच दिसली पॅकेजची फाइल
आणि लिहून मोकळं झालं:
भाषा ओळखली. जावास्क्रिप्ट.
आतल्या खोलीत आणखी कोण बसलंय
हे वाकून बघायला थांबलं नाही.
दीड मिनिटाने लाल अक्षरात:
पायथन नावाचं इथे कुणी नाही.

हे वाक्य मला जुनं ओळखीचं.
अठरावं लागलं तेव्हा बोल्झानोच्या कचेरीत
(बोझन म्हणा, पाटीवर दोन्ही आहेत)
एक कागद, तीन चौकोन:
इटालियन, जर्मन, लादिन.
फुली एकावरच.
यांतले नसाल, तर यांतल्या एकाला जोडून घ्या.
आई, नोटबुर्गा, जर्मनमध्ये रागावते.
बाबा, ओरेस्ते, इटालियनमध्ये समजूत काढतात.
मी बोटांवर बेरीज कुठल्या भाषेत करते
ते कागदाने विचारलं नव्हतं.
जर्मनवर मारली फुली. नोकरीचा हिशेब, दुसरं काय.
परतताना बाबा काही बोलले नाहीत,
फक्त गाडीतला रेडिओ
मेरानपर्यंत नेहमीपेक्षा मोठा होता.

साडेबाराला पायथनची यादी
आतल्या फोल्डरमधून उचलून दर्शनी ठेवली.
जावास्क्रिप्टला म्हटलं, तू जरा आत बस.
भाषा ओळखली. पायथन.
आता पान उघडतं, पण पांढरंफटक.
वजन होतंय, प्रत लागतेय,
सांगायला तोंड नाही.

दीडला कळलं, दोघांची नावं देता येतात,
एकाखाली एक.
म्हणजे एका म्यानात दोन तलवारी राहतात,
फक्त आत कोण आधी जाणार ते सांगावं लागतं.
आणि बारीक अक्षरात मेख:
जो शेवटी, तोच दार उघडणार.

मी कर्सरकडे बघत बसले.
लोकरीचे मोजे घालून बाबा खाली आले,
हातात सुरी, संघाने नाकारलेलं एक सफरचंद,
साल न तोडता सोलत.
काय अडलंय?
शेवटी कुणाला ठेवायचं, ते.
शेवटी राहतो, बाबा म्हणाले,
त्याला भांडी घासावी लागतात.
आणि अर्धी फोड माझ्या कीबोर्डवर ठेवून
वर गेले.

पायथनला शेवटी ठेवलं.
तरीही पडलं.
या खेपेला चूक माझी:
मी दाराचा नंबर पक्का लिहून ठेवला होता, पाच हजार,
आणि तिथे दर वेळी नवं दार मिळतं,
जे मिळेल ते विचारून घ्यायचं असतं.
भाड्याच्या घरात खिळे ठोकायची माझी सवय.

चार दहाला हिरवं झालं.
टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.
खिडकीबाहेर तारांवर चढवलेली झाडं,
रांगेत, फळांनी वाकलेली,
आणि पलीकडे संगमरवराच्या खाणीचा पांढरा ओरखडा
हळूहळू दिसायला लागलेला.

सहा बावन्नला पहिली नोंद पडली.
सेव्हरिन टेल्सर. पिनोवा.
चारशे बारा किलो. प्रत दुसरी.
तेव्हा दिसलं मला:
जर्मन पानावर सगळ्यात खालचं एक बटण
इटालियनच राहून गेलंय. कन्फेर्मा.

सेव्हरिन, जो बाबांशी तीस वर्षं
फक्त मान हलवून बोलतो,
त्याने ते दाबलं.
नोंदीत दोनशे उमटलं, म्हणजे ठीक.
मग दुसरी पेटी. पुन्हा दाबलं.

बटण दुरुस्त करायचंय.
यादीत लिहून ठेवलंय, खाली कुठेतरी.