लेखाशीर्ष

कॉलेजच्या हिशेब खात्यात बावीस वर्षं झाली.
पंख्याचा कंडेन्सर, पाहुण्यांचा नाश्ता, प्रयोगशाळेतले बेडूक,
सगळ्यांना मी शीर्ष शोधून दिलंय.
रजिता म्याकलला कुठल्या शीर्षाखाली टाकू
ते मात्र सापडेना.

अंतिम सामन्यात तीन मिनिटं दहा सेकंद पळाली ती.
मी चहाची बिलं गोळा करत होतो,
आवाजानं मान वर झाली.
खांबापाशी गेली, आणि खांबच जणू वळला तिच्याऐवजी;
मागची पोरगी सूर मारून मातीत,
मुठीत नुसती हवा.

जूनमध्ये तिचा फोटो सात रस्त्याला लागला,
अशोक चौकात, अक्कलकोट रोडच्या नाक्यावर.
बारा बाय आठ. प्रवेश सुरू.
बिल मीच काढलं, जाहिरात खर्च.
बांबू, सुतळी, वर चढणाऱ्या पोराची हजेरी,
सगळं त्यात बसलं.
फोटोतली मुलगी बसली नाही.

तिला काय देतो आम्ही?
फी माफ. म्हणजे तिच्याकडे नव्हतेच ते पैसे
आम्ही दिले, असं मी लिहितो.
मैदानावर दोन अंडी, एक केळं.
ट्रॅकसूट, परत करायच्या बोलीवर.
धुऊन.

तिची आई दारात सुपात पानं घेऊन बसते.
हजार विड्यांना ठरलेला भाव,
छाट निघाली की वजा.
वाईट भाव आहे, पण भाव आहे.
ट्रॉफी घेऊन पोरगी घरी गेली तेव्हा
बोटं न थांबवता आईनं विचारलं,
"एंत इच्चिन्रू?" किती दिले?
मग म्हणाली, ठेव इथं, दोऱ्याची रिळं ठेवायला होईल.
रजितानं हे मला हसत सांगितलं.
मला कुठं बघावं कळेना.

"सर, जिंकल्याचे नकोत.
सरावामुळं संध्याकाळच्या तीनशे विड्या बुडतात,
तेवढ्याचे द्या."

टिपण वर पाठवलं.
सभेला आठजण होते,
खो-खोच्या चौकोनात बसल्यासारखे,
एकाचं तोंड इकडे, शेजारच्याचं तिकडे.
प्राचार्य म्हणाले, पैसा आला की खेळ जातो.
त्यांच्या उद्‌घाटनाच्या भाषणाचं मानधन
त्याच फायलीत होतं, दोन पानं खाली.
क्रीडाशिक्षक म्हणाले, हिला दिले तर
सूरज लोकरेला काय सांगू?
तीन वर्षं रोज पहाटे धावतो,
एकदाही पहिल्या सहात नाही.
हे मलाही लागलं. अजून उत्तर नाही माझ्याकडे.
कुणी म्हणालं विद्यापीठाला विचारू,
कुणी म्हणालं संस्थेला.
खो दिला, खो मिळाला,
उठलं कुणीच नाही.

सत्कार मात्र मंजूर.
शाल एक, नारळ एक, टॉवेल एक.
टॉवेल तिचा बाप ज्या मागावर उभा असतो त्याच कारखान्याचा.
ती काठावरून बोट फिरवत राहिली,
दोष शोधत असावी.

शेवटी मीच एक व्हाउचर केलं.
मैदान देखभाल. पाणी मारणे. रोजंदारी.
बावीस वर्षांतलं पहिलं खोटं
निळ्या शाईत, नीटनेटकं.
रजितानं वाचलं. पेन खाली ठेवलं.
"पण सर, पाणी मारलं नाही मी."
अगं, सही कर.
"उद्या करते."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला
मी फाटकापाशी सायकल धरून उभा.
चार दिवसांआड पाणी येणाऱ्या या गावात
ती टाकीवरून बादल्या आणत होती,
एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत,
सरावाच्या आधी.
धूळ बसली. मातीला वास सुटला.
मग तिनं हात पुसले, ओढणी कमरेला खोचली
आणि सही करायला आली.

ऑडिटरनं त्या ओळीवर टिक केली.
पुढचं पान उलटलं.