राळ

पहिल्या वर्षी खय्यूम सरांनी माझा जॉब
ट्यूबलाइटसमोर धरला.
पन्नास बाय पन्नासचा लोखंडी तुकडा,
तीन दिवस कानशीनं घासलेला.
गुण्या टेकवला, एक डोळा मिटला,
आणि फटीतून आली
केसाएवढी उजेडाची रेघ.
“दिख रहा ना? मग घासा अजून. हल्लू.”
उजेड दिसणं हे वाईट लक्षण असू शकतं
हे मला तिथं कळलं.

वर्गात एकोणसत्तर मुलं, आम्ही चौघी.
सेलूची म्हटलं की कुणीतरी म्हणणारच,
जगात जर्मनी, भारतात परभणी.
आमची लेथ मात्र बटाल्याची,
माझ्या बापाहून चार वर्षांनी मोठी.
तिचा तिसरा गिअर पडायचा नाही.
लाथ घातली की पडायचा.
हे जर्नलमध्ये लिहायचं नसतं.

जर्नल म्हणजे सीनियरच्या जर्नलची नक्कल,
त्याचं त्याच्या सीनियरच्या.
अर्शियानं एकदा रात्री बसून शोधून काढलं:
गव्हर्नरच्या प्रयोगाची रीडिंगं
नऊ वर्षं तीच आहेत,
खाडाखोडीसकट.

एन्ट्रॉपी कळली नाही कुणालाच.
थर्मोच्या मॅडम खडू ठेवून म्हणाल्या,
मलाही पुरती कळलेली नाही, पुढं जाऊ.
त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसायला लागले.

एप्रिलात विद्यापीठ अजूनच मोठं व्हायचं.
गेटपासून डिपार्टमेंट येईपर्यंत
पाण्याची बाटली संपलेली,
मागं लेण्यांचा डोंगर तव्यासारखा,
आणि ड्राफ्टर खांद्यावर घेऊन चाललेली पोरं
लांबून दिसायची
कुणाला तरी शोधायला निघाल्यासारखी.

गणित तीन राहिलं. दोनदा.
घरी सांगितलं नाही.

दिवाळीत सेलूला गेले तर
गिरणी चालू होती.
आमचा पट्टा मला रांगत होते तेव्हापासून ओळखीचा:
ज्वारीला त्याचा एक आवाज, हरभऱ्याला दुसरा,
आणि घसरायला लागला की
कुत्र्याच्या पिल्लासारखा कुंईकुंई.
मग अण्णा डब्यातली राळ चिमटीत घेणार,
फिरत्या पट्ट्यावर आतल्या अंगानं सोडणार,
भाजीत मीठ सोडावं तशी,
तोंडानं दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत.

लाइट गेली. पट्टा थांबला.
अण्णा म्हणाले, काय शिकवायलेत तुला?
काट्याच्या पत्र्यावर पीठ साचलेलं होतं.
त्यात बोटानं लिहिलं:
घट्ट बाजूचा ताण भागिले सैल बाजूचा ताण
बरोबर ई,
आणि ई-च्या डोक्यावर म्यू, थीटा.
ते वाकून बघत राहिले.
मशीन बिघडल्यावर बघतात तसे, हात मागं बांधून.

“ह्याच्यात राळ कुठंय?”
मी म्यूला बोट लावलं.
“एवढीशी?”
एवढीशीच, अण्णा.
“आन् ही गोल?”
पट्टा चाकाला किती कवळ घालतो, ते.
पापणीवरचं पीठ त्यांनी मनगटानं पुसलं.
“म्हंजे सगळंच हाय की ह्याच्यात.
मग तुझं काय राह्यलंय?”

त्यांना अभ्यासाचं विचारायचं होतं
की सहजच बोलले, कोण जाणे.
मी म्हणाले, गणित.
तिसरं. दोनदा.

ते काही बोलले नाहीत.
तेवढ्यात लाइट आली,
त्यांनी स्विच दाबला, पत्रा थरथरला
आणि आधी थीटा गेला,
मग म्यू,
ई बराच वेळ टिकला.

दारात एक बाई बाजरी घेऊन उभी होती.
बारीक पाहिजे म्हणाली, लई बारीक, बाळंतिणीला.
अण्णांनी माझ्याकडं बघितलं, सरकले.
मी चाक धरलं
आणि दोन दगडांमधली फट कमी केली,
उजेडापुढं न धरता,
कानानं,
हल्लू.