नकाशांची खोली

समुपदेशन कक्ष, असा बोर्ड लागला जूनमध्ये,
पण जेल रोडच्या आमच्या शाळेत सगळे अजून
नकाशांची खोलीच म्हणतात.
नकाशे कुणी हलवले नाहीत. कोपऱ्यात उभे आहेत
गुंडाळलेले, काठीला काठी टेकून,
प्रार्थनेला उशिरा आलेल्या मुलांसारखे.

मंगळवार आणि शुक्रवार. दोन खुर्च्या.
एकीचा पाय आखूड, ती मी घेते.
तुळशीराममामा येता-जाता डोकावतात,
"मॅडम, आज कोणी वेडं आलं का?"
मनात वाईट काही नाही.
त्यांना दुसरा शब्द कुणी दिलेला नाही.

देवळालीकडे तोफांचा सराव सुरू झाला
की खिडकीची काच खडखडते.
पोरं मानही वर करत नाहीत, जन्मापासून ऐकतात.
पण हजेरीला "एकतीस" म्हटलं
की नववी ब-चा मृण्मय गांगुर्डे दचकतो.
वर्गशिक्षिकांनी मला हे जिन्यात सांगितलं, घाईघाईने,
कुणाचं उसनं परत केल्यासारखं.

पहिल्या मंगळवारी तो बसला आणि बसूनच राहिला.
मी विचारलं ते सगळं प्रशिक्षणातलं.
झोप येते का. जेवतोस का. घरी कोण कोण असतं.
हो. हो. सगळे.

दुसऱ्या मंगळवारी मी विचारणं सोडलं
आणि जिल्ह्याचा फाटका नकाशा टेबलावर पसरला.
चिकटपट्टी दिली. कात्री दिली नाही.
मग माझी मलाच लाज वाटली, कात्रीही दिली,
आणि अख्खा तास कात्रीकडे बघत बसले.

कळवण, सुरगाणा, पेठ. तो वरून खाली येत गेला
नखाने बुडबुडे काढत.
सिन्नरशी थांबला. "मामाचं गाव," म्हणाला.
त्या दिवशी एवढंच.

चौथ्या खेपेला, नकाशातून डोकं वर न काढता,
"मॅडम, गंगापूर धरण दोन ठिकाणी फाटलंय.
पुढून चिकटवू की मागून?"
मागून, मी म्हटलं, पुढून दिसायला नको.
"दिसू दे की," तो म्हणाला.
आणि मग बोलला.

काय बोलला ते इथे लिहिणार नाही.
नोटांच्या प्रेसचा भोंगा झाला, तरी बोलत होता.
मामा घंटेसाठी निघाले होते, दाराशी आले,
आत पाहिलं, आणि उगाच जिना चढून
उगाच उतरले.
शेवटचा तास त्या दिवशी चार मिनिटं उशिरा सुटला.

महिन्याला ऑफिसातून तक्ता येतो.
एकूण प्रकरणे, निकाली, प्रलंबित.
मृण्मय कुठल्या रकान्यात?
त्याच्या आईशी दोनदा बोलले. सिव्हिलच्या
डॉक्टरबाईंकडे पहिल्यांदा मीच सोबत गेले.
काही दिवस येतो. काही दिवस भरलं दप्तर घेऊन
गेटपासून मागे फिरतो, आणि मामा त्याला
लांबूनच हात करतात, हाक मारत नाहीत.
वर्गशिक्षिका आता नंबर नाही, नाव घेतात,
आणि "हजर" येईपर्यंत थांबतात.
पोर्शन राहतो हो, म्हणायच्या.
अजूनही म्हणतात. पण थांबतात.

परवा तोफा सुरू झाल्या. तो उठला,
खिशातून गणिताच्या चाचणीचा पेपर काढला,
वीसपैकी सात,
घडीवर घडी घातली
आणि काच आणि चौकट यांच्या फटीत
अंगठ्याने दाबून बसवली.
काच हलते अजून. खडखडत नाही.
सात तेवढा बाहेर राहिलाय, लाल.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत दारावर टकटक.
सातवीतली कौमुदी बोरस्ते, हात पाठीमागे,
"मॅडम, इथे नकाशे चिकटवायला देतात का?"
मी आखूड पायाची खुर्ची ओढून घेतली.