टंच

राजारामपुरीत नवव्या गल्लीला, तळमजल्यावर आमची लॅब.
झायलीनचा वास केसांतून निघत नाही.
घरी गेले की मुलगा नाक मुरडतो,
आई, आज पण पेंटचा डबा.

ब्लॉक चारशे बारा. मेणात बसवलेला
मोठ्या आतड्याचा तुकडा, उजव्या बाजूचा,
तूरडाळीच्या दाण्याहून थोडा मोठा.
कॅसेटवर पेन्सिलीनं नुसता आकडा असतो.
नाव मला माहीत नसलेलंच बरं.
पण ती बरणी त्याच्या लेकीनं आणली होती,
केएमटीतून, मांडीवर धरून,
ओढणीखाली, लोणच्याची असावी तशी.

मायक्रोटोमचं चाक फिरवते. चार मायक्रॉन.
मेणाची फीत कोमट पाण्यावर सोडली
की सुरकुत्या आपोआप निघतात.
काच तिरकी बुडवायची आणि हळूच उचलायची.
श्वास इथंच रोखायचा असतो,
हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

मग कुकर. घरातला असतो तोच,
फक्त डाळीऐवजी सायट्रेटचं पाणी.
वाफ लागली की मिटून बसलेली प्रथिनं
तोंड उघडतात.
चार काचा, चार अँटिबॉडी.
पेशी आपली नक्कल काढताना अक्षर चुकते,
ते खोडून नीट करणारे चार कारकून,
त्यांची ही हजेरी.
आहे, तर तपकिरी.
नाही, तर नुसतं निळं.

एमएलएच-वन, पीएमएस-टू: चहाच्या गाळासारखे दाट.
एमएसएच-टू निळा.
एमएसएच-सिक्सही निळा.

आधी मी स्वतःवरच संशय घेतला.
काल लाईट गेली तेव्हा बाटली बाहेर राहिली का?
पण त्याच काचेत, गाठीच्या मधोमध
घोळक्यानं शिरलेले लिम्फोसाइट
ठसठशीत तपकिरी होते.
रंग खोटं बोलत नव्हता.

इनामदार मॅडमनी भिंगावरून मान काढली.
"ह्याच्यासाठी बरं आहे गं.
असल्या गाठी सहसा लांब जात नाहीत."
मग चष्मा पुसत बसल्या. बराच वेळ.
"ती लेक कितीची असेल?"

शनिवारी तो स्वतः आला, ब्लॉक न्यायला.
भूपाल नेजकर, हुपरी.
चाळीस वर्षं चांदीचा टंच काढला,
बोटांची टोकं ॲसिडनं कायमची काळी.
"ताई, आमच्यात लगडीचा कोपरा तेवढा खरवडत्यात.
त्या चिमूटभरावरनं अख्ख्या मालाचा भाव.
तुमचं बी तसंच की.
माझा टंच किती निघाला?"

मॅडम सांगतील, मी म्हटलं.
दिवसातनं दहादा म्हणते.
"आम्ही बी गिऱ्हाइकाला हेच सांगायचो.
शेठला विचारा म्हणून."
हसला, मग पोटावर हात धरून थांबला, टाके ओले होते.
"थोरला भाऊ बेचाळिसाव्या वर्षी गेला.
आई पण पोटानंच.
आम्ही आपलं भट्टीच्या धुरावर ढकलून मोकळे."

मागं त्रिशला उभी होती, पावत्या लावत.
पायात बारीक घुंगरांचे पैंजण, घरचेच असणार.
माझ्या हातातल्या दोन निळ्या काचा
बापाला बरं सांगत होत्या
आणि तिच्याकडं बघून गप्प होत्या.
ते रक्त बोलेल. कदाचित बोलणारही नाही.
निम्म्यानिम्म्यानं मिळतं हे, मॅडम म्हणाल्या,
नाणं उडवल्यासारखं.

मी ब्लॉक कापसात गुंडाळला, डबीत ठेवला,
झाकणावर नाव लिहायला पेन काढलं.
"नाव नको," ती म्हणाली.
"बसमधे लोक वाचत्यात. आकडाच असू दे."

ती दोघं गेली. मी रजिस्टर ओढलं.
चारशे बाराच्या पुढं तारीख, सही.
खाली चारशे तेराची ओळ कोरी.
ती मी कुणासाठी राखून ठेवलेली नाही.
येतील तशी माणसं लिहायची असतात.